जातीच्या दाखल्याला गाव लागते

जातीचा दाखला आपण घडी घालून फाइलीत ठेवतो, वाचत मात्र नाही. अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा दाखला एकदा नीट वाचून पाहावा. सुरुवातीला अर्जदाराचे आणि वडिलांचे नाव येते, पाठोपाठ गाव, जिल्हा, राज्य, मग जात आणि ती कोणत्या आदेशाने कोणत्या राज्यासाठी अनुसूचित झाली आहे याचा उल्लेख. त्याखाली पुन्हा एकदा गाव आणि जिल्हा येतो, पण या वेळी ‘सर्वसाधारणपणे राहतात’ अशा शब्दांत. एकाच कागदावर दोन पत्ते असतात, एक कुळाचा आणि दुसरा मुक्कामाचा. दाखला देण्याचा अधिकार कोणत्या प्रांत अधिकाऱ्याचा, यावरून सेतू केंद्राच्या खिडकीपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जे वाद चालतात, त्यांतले बरेचसे या दोन पत्त्यांची गल्लत झाल्याने उभे राहतात. अर्जदार मुक्कामाच्या पत्त्यावर दाखला मागतो आणि कायदा कुळाचा पत्ता विचारतो. कायद्याचे हे विचारणे बरोबर आहे, पण त्याचे उत्तर शोधण्याचे सगळे ओझे अर्जदाराच्या पायांवर टाकणे बरोबर नाही.

कायदा गाव का विचारतो, हे आधी पाहू. राज्यघटनेच्या ३४१ आणि ३४२ या कलमांनुसार राष्ट्रपती अनुसूचित जाती-जमातींची यादी जाहीर करतात आणि ती त्या त्या राज्यापुरती असते. त्यामुळे एकाच समाजाची कागदावरची ओळख हद्द ओलांडताच पालटते. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये आहे, कर्नाटकात अनुसूचित जातींमध्ये, तर तेलंगणात लंबाडा या नावाने अनुसूचित जमातींमध्ये. राज्याबाहेर जायचीही गरज नाही. कैकाडी समाज विदर्भातल्या यादीत दिलेल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत मोडतो आणि उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातीत. त्यातही चंद्रपूर जिल्ह्यातला राजुरा तालुका वगळलेला आहे, कारण तो एके काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थान विलीन झाले, पण त्याची सीमारेषा अनुसूचित जातींच्या यादीत अजून जिवंत आहे. अशा ठिकाणी ‘जात कोणती’ या प्रश्नाला ‘गाव कोणते’ हे कळल्याशिवाय उत्तरच देता येत नाही.

गावाबरोबर तारीखही लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या महाराष्ट्रातल्या मानीव तारखा आहेत. त्या दिवशी आपले किंवा आपल्या वाडवडिलांचे कायमचे वास्तव्य कुठे होते, हे दाखवावे लागते. केंद्राने मार्च १९७७च्या पत्रात हेच स्पष्ट केले होते. वास्तव्याचा अर्थ शब्दशः घ्यायचा नाही, आदेशाच्या तारखेचे कायम ठिकाण पाहायचे. यामागे साधे व्यवहारज्ञान आहे. आजोबांच्या जातीची नोंद गावच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात असते, जन्ममृत्यूच्या गाव नमुना १४मध्ये असते, विदर्भात कोतवाल बुकात असते. कधी ती मोडी लिपीत असते, कधी शाई फिकटलेली, कधी मागाहून दुसऱ्या हाताने एक शब्द वाढवलेला. तो वाढीव शब्द ओळखायचा तर मूळ वही समोर हवी आणि त्या भागात कोणते समाज नांदत आले याची जाणही हवी. पिंपरीतल्या अधिकाऱ्याकडे नंदुरबारमधल्या अक्राणीची वही नसते. महाराष्ट्राच्या २०००च्या जात प्रमाणपत्र कायद्यात सक्षम प्राधिकाऱ्याला ठरावीक क्षेत्र नेमून दिले जाते, त्यामागचे कारण हेच.

यावर पहिला आक्षेप भावनेला भिडणारा आहे. माणूस रेल्वेत बसून दुसऱ्या राज्यात गेला म्हणून त्याची जात गळून पडत नाही आणि तिच्यामुळे वाट्याला येणारी अवहेलनाही. मग दाखलाच का गळून पडावा? आंध्रातून लहानपणी वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईत आलेल्या एका विद्यार्थ्याने हाच मुद्दा घेऊन वैद्यकीय प्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले होते. त्याचा समाज आंध्रात अनुसूचित जमात होता, महाराष्ट्रात नव्हता. घटनापीठाने १९९०मध्ये त्याच्याविरुद्ध निकाल दिला. एखाद्या समाजाचे मागासलेपण त्या त्या राज्यातल्या परिस्थितीवरून ठरते, असा त्या निकालाचा गाभा आहे. १९९४मध्ये दुसऱ्या घटनापीठाने स्थलांतरितांच्या दाखल्यांबाबत हीच भूमिका कायम ठेवली आणि २०१८मध्ये न्यायालयाने दिल्लीतल्या केंद्रीय सेवांचा अपवाद सांगतानाही मूळ तत्त्व हलवले नाही. आक्षेपातली वेदना खरी आहे. पण हद्द काढून टाकली, तर नंदुरबार-गडचिरोलीतल्या मुलासाठी राखलेल्या जागेवर देशभरातून हक्क सांगता येईल आणि त्यात हरेल तो ज्याच्यापर्यंत शाळा सर्वांत उशिरा पोहोचली तोच.

तत्त्व मान्य केले, तरी गावाचा अर्थ आजचा नकाशा असा घेता येत नाही. या याद्या दुरुस्त करणाऱ्या १९७६च्या कायद्याने राज्यांतर्गत प्रदेशमर्यादा बहुतांशी उठवल्या. त्याआधी विदर्भात हलबा जमातीची सवलत मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ अशा मोजक्या तालुक्यांपुरती होती. म्हणजे शेजारच्या तालुक्यातला हलबा यादीबाहेर. राज्यांच्या सीमांनीही असेच घोटाळे केले. छिंदवाडा आणि विदर्भ १९५६पर्यंत एकाच राज्यात होते आणि हलबा जमात आज मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या यादीत आहे. छिंदवाड्याकडच्या अशाच एका हलबा अर्जदाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा इतिहास विचारात घेतला पाहिजे असे म्हटले. रेषा माणसांवरून गेली होती, माणसे रेषेवरून नव्हे. हा फरक ज्याला दिसत नाही, त्या अधिकाऱ्याच्या हातात अधिकारक्षेत्राचा नियम नुसता अर्ज परत पाठवण्याचा शिक्का होतो.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. ज्यांना गावच नाही त्यांनी काय करायचे? गाढवांवर बिऱ्हाड लादून हिंडणाऱ्या कुटुंबाकडे १९६१मधला रहिवास पुरावा मागणे म्हणजे त्यांच्या भटकेपणाबद्दलच त्यांना दंड करणे. लग्न होऊन दूरच्या जिल्ह्यात गेलेल्या स्त्रीचीही अडचण थोडी वेगळी, पण त्याच जातीची. जात जन्माने ठरते, म्हणून तिला माहेरचे कागद लागतात आणि ते काढून देणारे माहेरी कुणी उरलेले असतेच असे नाही. इथे नियम सोडायची गरज नाही, चौकशी कुणी करायची ते बदलायला हवे. केंद्राने नोव्हेंबर १९८२च्या पत्रातच वाट दाखवली होती. वडिलांना मूळ राज्यात मिळालेला खरा दाखला असेल, तर नव्या ठिकाणचा अधिकारी त्याच्या आधारे मुलाला दाखला देऊ शकतो. अशा दाखल्याने नव्या राज्यात सवलत मिळत नाही, मूळ राज्यातला हक्क तेवढा शाबूत राहतो. शंका वाटली, तर अधिकाऱ्याने मूळ राज्याकडून चौकशी करून घ्यायची. यातले मर्म एवढेच की कागद एका कचेरीतून दुसरीकडे जावा, माणसाने हेलपाटे घालू नयेत. भटक्यांसाठी घरी किंवा पालावर जाऊन केलेली गृहचौकशी याच तत्त्वात बसते.

शेवटचा आक्षेप हल्ली वारंवार ऐकू येतो. अर्ज ऑनलाइन भरता येतो, पुढे जात पडताळणी समिती आहेच, मग दाखला कुणी दिला याला एवढे महत्त्व कशाला? पण ऑनलाइन अर्जही शेवटी एका ठरलेल्या अधिकाऱ्याच्याच टेबलावर पडतो आणि जुनी वही स्कॅन केली तरी ती वाचणारा लागतो. समिती पुढे आहे हे खरे, पण ती बहुधा प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या टप्प्यावर गाठ घालते. तिथे जात सिद्ध करण्याचा भार कायद्याने दावेदारावरच टाकला आहे. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निक्षून सांगितले की दावा अवैध ठरला, तर त्यावर मिळालेला प्रवेश किंवा नोकरीही टिकत नाही, मग कितीही वर्षे लोटलेली असोत. इतके मोठे परिणाम असताना पहिलाच शिक्का चुकीच्या कचेरीत उमटणे परवडणारे नाही. मात्र अधिकारक्षेत्राची चूक ही देणाऱ्याची चूक आहे, खोटा दावा हा घेणाऱ्याचा गुन्हा. पहिलीत दाखला रद्द करून प्रकरण योग्य अधिकाऱ्याकडे पाठवावे, तोवर प्रवेश किंवा नोकरी राखावी. दोन्हींना एकच शिक्षा देणारी यंत्रणा खोट्या दावेदाराबरोबर खऱ्यालाही बुडवते. चुकीच्या टेबलावर आलेला अर्ज ‘आमच्या हद्दीत नाही’ असे लिहून परत करण्याऐवजी तो हद्दीत असलेल्या टेबलाकडे पाठवून पोच अर्जदाराच्या हातात दिली, तर दाखल्यावरचे दोन्ही पत्ते आपापल्या जागी राहतील.