कवळाण्याचा गोपाळ, चिमणाबाई आणि युरोपातली म्युझियम

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर.

हल्ली श्रीरामपुरातूनही नवरा-बायको युरोप टूरला जातात. आठ-दहा दिवसांत चार-पाच देश, एखादा किल्ला आणि लूव्रमध्ये मोनालिसासमोर मोबाईल उंच धरून एक फोटो. मजा येते, वाद नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी एक मराठी जोडपं हीच म्युझियम बघत फिरलं आणि येताना बरंच काही घेऊन आलं. त्यांच्याबद्दल बोलू.

आपल्या बेलापूर स्टेशनवरून गाडीत बसलं की मनमाड येतं. तिथून पुढे मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचं गाव आहे. तिथला गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड (तिसरे) झाला. तोवर त्याची शाळा अशी झालेलीच नव्हती. पुढे १८८५ मध्ये देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाईंशी लग्न झालं. बडोद्यात त्यांचं नाव चिमणाबाई.

१८८७ साली सयाजीराव पहिल्यांदा युरोपला गेले. कारण तब्येतीचं होतं, झोपच लागत नव्हती. त्यानंतर मात्र वाऱ्याच सुरू झाल्या आणि चिमणाबाईही बरोबर असायच्या. बडोद्याचं म्युझियमही १८८७ चंच. म्हणजे युरोप पाहिला आणि मग कल्पना सुचली, इतकं सरळ ते नाही. लंडनची म्युझियम नजरेसमोर ठेवलेली ती इमारत १८९४ ला पूर्ण झाली.

मला जास्त भारी वाटते ती शेजारची पिक्चर गॅलरी. बडोद्यातल्या साध्या माणसाला बोटीचं तिकीट परवडणार नव्हतं. मग युरोपची चित्रंच इकडे आणायची! निवड भलत्यासलत्याकडे दिली नाही. मॅरियन स्पीलमन नावाच्या इंग्रज कलासमीक्षकाला काम दिलं आणि पैसे मोजून चित्रं घेतली. हे लक्षात ठेवा, कारण युरोपातल्या मोठ्या म्युझियममधल्या बऱ्याच वस्तू लुटीतून गेलेल्या आहेत. गॅलरीची इमारत १९०८ ते १९१४ मध्ये बांधून झाली आणि नेमकं पहिलं महायुद्ध सुरू झालं. चित्रं तिकडेच अडकली. भिंती तयार, टांगायला काही नाही! शेवटी गॅलरी उघडली १९२१ मध्ये.

आता चिमणाबाईंचं बघा. युरोपात त्या मोकळेपणी चारचौघांत वावरायच्या, पण बडोद्यात परतलं की पडदा. त्यांनी एस. एम. मित्रा यांच्यासोबत १९११ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं, भारतीय जीवनातलं स्त्रियांचं स्थान या विषयावर. परदेशात बायका कोणकोणती कामं करतात, त्यातलं आपल्याकडे काय जमेल, असा हिशेब त्यात आहे. १९१४ मध्ये त्यांनी पडदा सोडला आणि जाहीर समारंभात महाराजांशेजारी उघड्या चेहऱ्याने बसल्या. १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षही त्याच. माझ्या मते या सगळ्या प्रवासांतली सगळ्यात मोठी खरेदी ही होती, आणि तिला कस्टम लागलं नाही.

अमेरिकेचंही तसंच. तिथली वाचनालयं बघून सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन हा ग्रंथपालच बडोद्याला आणला. मग गावोगाव पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जाऊ लागल्या.

टीका झाली का? झाली की! राजा सारखा परदेशात, मग राज्य कोण बघणार? हा प्रश्न चुकीचा नव्हता. खर्च शेवटी रयतेच्याच पैशातून. पण इंग्रज सरकारची चिडचिड वेगळी होती. १९०० साली लॉर्ड कर्झनने संस्थानिकांच्या परदेशवाऱ्यांवर परिपत्रकच काढलं. राजाने जग बघून स्वतःचं डोकं चालवावं, हे त्यांना कुठून परवडणार?

तर बडोद्याला गेलात तर सयाजीबागेत हे म्युझियम आणि गॅलरी दोन्ही एकाच आवारात आहेत. इजिप्तची खरी ममी आहे, आणि १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा. तो सयाजीरावांनी पाहिला नाही, १९३९ मध्येच ते गेले. पोरं मात्र आधी त्याच्याकडेच पळतात. वेळ आणि सुट्टी निघण्याआधी बघून घ्या, आणि गॅलरीला निदान दोन तास ठेवा.