लिपीचे प्रमाण आणि त्याची एकरूपता

लिपीचे प्रमाण ठरविणे हे एका समितीचे काम असते; ते टिकविणे मात्र असंख्य लेखक, मुद्रक व शिक्षक यांच्या हाती असते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ प्रमाण मानले. या निर्णयाची खरी कसोटी महाराष्ट्राबाहेर लागते. १९८१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ज्या रायपुरात भरले, तेथील व्यवहाराची लिपीही देवनागरीच आहे. परंतु तिचे वळण हिंदीचे आहे.

युनिकोडमध्ये ‘ल’ला एकच संकेतांक आहे, त्याची आकृती अक्षरटंक ठरवितो. टंकात दोन्ही वळणे असली, तरी मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदलेली नसल्यास बहुधा हिंदी वळण उमटते. परिणामी एकाच पुस्तकाची दोन प्रकरणे दोन ठिकाणी जुळविली, तर अक्षरे भिन्न दिसतात.

यावर उपाय प्रत्येकाच्या स्मरणशक्तीवर विसंबण्याचा नव्हे. सर्वांनी एकच टंक वापरावा आणि भाषेची नोंद मूळ नमुन्यातच करून ठेवावी. असे केले, तरच रायपूरच्या मराठी मुलाला पुस्तकात आपल्या भाषेचे अक्षर ओळखता येईल.