पडद्यावरील चार अक्षरे

बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणींत उमेदीची वर्षे घालविलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. यंत्रांच्या अखंड गोंगाटाने त्यांचे कान हळूहळू गेले. मागे एकदा मुलानातवंडांसमवेत ते सिनेमास गेले होते. सारे थिएटर हसले, तेव्हा त्यांनी शेजारी बसलेल्या मुलास विचारले, "काय म्हणाला रे?" "घरी गेल्यावर सांगतो, बाबा," असे उत्तर आले. घरी गेल्यावर ते सांगावयाचे राहूनच गेले. ही हकीकत त्यांनी आम्हांस हसतच सांगितली. परंतु ती आमच्या मनास लागून राहिली.

वाचकहो, सिनेमा मुळात बहिऱ्यांना परका नव्हता. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत झळकला, तेव्हा पडदा मुका होता व कथेचा धागा लेखी पाट्यांवरून कळत असे. ऐकणारा आणि न ऐकणारा तेथे सारखेच होते. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा बोलपट आला. जगाला आनंद झाला; पण बोलपटांबरोबर पाट्या गेल्या आणि बहिऱ्यांचा सिनेमाही गेला. पुढे १९४७ साली अमेरिकेत एमर्सन रोमेरो या बहिऱ्या नटाने बोलपटांच्या फिती कापून त्यांत लेखी पाट्या जोडल्या, तेव्हा कोठे त्याच्या बांधवांना तो आनंद थोडासा परत मिळाला.

आपल्या भागातील ज्या मराठी कुटुंबांना तेलुगू पुरती कळत नाही, त्यांना पडद्याखालील अक्षरांचे मोल सांगावयास नको. मात्र बहिऱ्यांसाठीची अक्षरे याहून थोडे अधिक सांगतात. कोण बोलत आहे, दार कोणी ठोठावले, दूर गाडीची शिटी झाली, हेही त्यांत लिहिलेले असते. ही अक्षरे सर्वांना दिसतील अशी पडद्यावरच दाखविता येतात. किंवा ज्याला हवी त्यालाच खुर्चीजवळच्या लहानशा यंत्रावर, विशिष्ट चष्म्यात वा मोबाईलवर दिसतील, अशीही सोय करता येते.

ही कोणाच्या मेहेरबानीची गोष्ट नव्हे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. त्याला अनुसरून केंद्र सरकारने १५ मार्च २०२४ रोजी चित्रपटगृहांसाठी नियमावली काढली. एकाहून अधिक भाषांत प्रमाणित होणाऱ्या चित्रपटांना सहा महिन्यांची व इतरांना दोन वर्षांची मुदत तिने ठरवून दिली. परंतु नुसत्या कागदाने पडद्यावर अक्षरे उमटत नाहीत. सोय नाही म्हणून बहिरी माणसे येत नाहीत, आणि ती येत नाहीत म्हणून कोणी सोय करीत नाही. हे चक्र तोडावयाचे तर तिकीट काढताना आपणच विचारले पाहिजे, "बहिऱ्यांसाठी अक्षरे आहेत काय?" एकाने विचारल्यास दुर्लक्ष होईल, दहा कुटुंबांनी विचारल्यास होणार नाही.

आणखी एक गोष्ट आम्हांस सांगावयाची आहे, व ती अधिक महत्त्वाची आहे. अक्षरे वाचणाऱ्यालाच उपयोगी. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात पन्नास लाखांहून अधिक कर्णबधिरांची नोंद झाली. 'त्याला ऐकूच येत नाही, मग शाळेत घालून काय करावयाचे?' असे म्हणून खेड्यांत आजही एखादे बालक गुरांमागे पाठविले जाते. बिशप लिओ म्युरिन यांनी १८८५ च्या सुमारास मुंबईत बहिऱ्या मुलांसाठी शाळा काढली. ती या देशातील अशी पहिली शाळा मानली जाते. इतक्या वर्षांनंतर तरी आपल्या घरातील मूल अक्षरांवाचून राहू नये. पडद्यावर उद्या अक्षरे येतील. परंतु त्या मुलाच्या हाती आज पाटी दिली नाही, तर त्यांचा त्याला काय लाभ?

आणि तोपर्यंत, कोणा वृद्धाला 'घरी गेल्यावर सांगतो' असे म्हटले असेल, तर घरी गेल्यावर त्याच्याजवळ बसून ते जरूर सांगावे.