अँटेनाचे भोक

मुलांनो, रस्त्याने जाताना एखाद्या जुन्या मोटारीकडे नीट पाहा. पुढच्या चाकावरील मडगार्डवर, काचेजवळ, कधी कधी एक लांब सळई उभी दिसते. ती रेडिओची अँटेना. काही गाड्यांवर सळई नसते, फक्त तिची जागा उरलेली असते. ती जागा म्हणजे बोट जाईल एवढे एक गोल भोक. उर्दूत आपण ज्याला सुराख म्हणतो, त्यालाच मराठीत भोक किंवा छिद्र म्हणतात. असे भोक बुजवणे हे काम दिसायला अगदी लहान आहे. ते नीट केले तर काय होते आणि वाईट केले तर काय होते, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले. तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

मोटारीच्या चांगल्या पत्र्याला भोक पाडतातच कशाला? रेडिओच्या लहरींना धातूचा पत्रा अडवतो आणि मोटार म्हणजे तर पत्र्याची पेटीच! म्हणून लहरी पकडणारी सळई पेटीच्या बाहेर बसवावी लागते. सळईत निर्माण होणारा अगदी क्षीण विद्युतप्रवाह तारेने आतल्या रेडिओपर्यंत न्यायचा असतो. त्या तारेसाठी हे भोक असते. एफ.एम. रेडिओच्या १०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे ३ मीटर असते. तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे पाऊण मीटर लांबीची सळई ही लहर चांगली पकडते. पुढे काही गाड्यांच्या मागच्या काचेतच अँटेनाच्या बारीक तारा बसवू लागले. काही गाड्यांच्या छतावर माशाच्या पंखासारखी छोटी अँटेना आली. जुन्या सळया मोडल्या, रेडिओ बिघडले आणि भोके मात्र मागे राहिली.

ही गोष्ट २००३ सालची आहे. मी तेव्हा आठवीत होतो. अब्बांकडे जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी होती. ही गाडी मुंबईत कुर्ला येथील कारखान्यात तयार होत असे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी बहुतेक याच गाडीच्या होत्या. आमच्या गाडीची अँटेना कोणीतरी मोडली होती. अब्बांनी एका कारागिराकडून ते भोक बुजवून घेतले होते. तासाभरात काम झाले, पैसेही थोडेच लागले. वरून रंग असा जुळला होता की भोक कोठे होते ते सांगता येऊ नये.

एक पावसाळा गेला. भोकाच्या जागी रंग फुगून वर आला. नंतर त्या फुगवट्याला चीर पडली आणि तिच्यातून तपकिरी पाणी ओघळू लागले. नेमकी त्याच वेळी गाडी विकण्याची वेळ आली. आपाला अध्यापक विद्यालयात प्रवेश मिळाला होता आणि तिची फी भरायची होती. अब्बांनी गाडी मामूंकडे नेली. मामूंचे डेंटिंगचे छोटे गॅरेज होते.

अब्बा म्हणाले, "गाडी विकायचीच आहे. वरून थोडी पुट्टी लावा आणि रंग मारा. चार दिवस टिकली तरी पुरे."

मामूंनी फुगवट्यावर पेचकसाचे टोक हळूच दाबले. टोक सरळ आत गेले. पुट्टीचा खपला निघाला आणि आतून वर्तमानपत्राचा ओला बोळा बाहेर आला. आधीच्या कारागिराने भोकात कागद कोंबून त्यावर पुट्टी थापली होती. भोक जेवढे होते, त्याच्या दुप्पट मोठे झाले होते.

मामू म्हणाले, "दूल्हाभाई, तुमचे चार दिवस निघतील. पण जो ही गाडी घेईल, त्याच्याकडेही पावसाळा येणारच ना?"

अब्बा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी गाडीची किल्ली मामूंच्या हातात दिली.

असे का झाले असेल? विज्ञानाच्या तासाला तुम्ही शिकला आहात की लोखंड, पाणी आणि हवेतील ऑक्सिजन एकत्र आले की गंज तयार होतो. उर्दूत आपण त्याला जंग म्हणतो. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा जो थर बसतो, तो घट्ट चिकटून आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र पोकळ आणि ठिसूळ असतो. त्यातून पाणी आणखी आत जाते व नवे लोखंड खाऊ लागते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणूनच तो फुगतो आणि वरचा रंग उचलतो. समुद्रकाठच्या खारट हवेत हे काम आणखी लवकर होते.

मडगार्डची वरची बाजू आपण रोज पुसतो. खालच्या बाजूला मात्र चाकाने उडवलेला चिखल व पाणी सतत बसत असते. कागदाचा बोळा ते पाणी धरून ठेवतो. पुट्टीही ओलावा शोषून घेते. म्हणजे वरून झाकलेले भोक आतून उघडेच असते. पुट्टीचे काम भोक बुजवण्याचे नाही; पत्र्यावरचा उंचसखलपणा सपाट करण्याचे आहे.

मामूंनी काम कसे केले, ते आता क्रमाने पाहू.

प्रथम त्यांनी बॅटरीची वजा चिन्हाची तार सोडवली, म्हणजे काम करताना शॉर्ट सर्किट होण्याची भीती राहिली नाही. मग पुढचे चाक काढले. मडगार्डच्या आत अँटेनाच्या जुन्या तारेचा तुकडा लोंबत होता, तोही काढला. आसपासच्या दुसऱ्या तारा बाजूला बांधल्या. पाण्याची बादली व वाळू जवळ आणून ठेवली.

दुसरे काम सफाईचे. भोकाभोवतीचा रंग दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटे खरवडला. गंजाने खाल्लेली कड कातरीने कापून टाकली. भोक आणखी मोठे झाले. मला ते आवडले नाही. मी विचारले, "मामू, बुजवायचे सोडून तुम्ही भोक वाढवता का?" ते म्हणाले, "सडलेल्या पत्र्याला चांगला पत्रा जोडता येत नाही, बेटा. चकचकीत लोखंड दिसेपर्यंत कापायचे."

तिसरे काम ठिगळाचे. गाडीचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा असतो. तेवढ्याच जाडीच्या पत्र्यातून मामूंनी एक गोल चकती कापली. कानशीने घासून घासून ती भोकात अगदी नेमकी बसवली. चकती जाड असली तर ती वर उठून दिसते आणि पातळ असली तर वेल्डिंगच्या वेळी जळून जाते.

चौथे काम वेल्डिंगचे; हेच सर्वांत अवघड. गॅसच्या ज्योतीचे तापमान ३००० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि लोखंड सुमारे १५४० अंशांना वितळते. पातळ पत्रा तापला की प्रसरण पावतो व वाकतो. म्हणून चकतीभोवती एका दमात वेल्डिंग करायचे नसते. मामूंनी भोकाभोवती ओली फडकी ठेवली, म्हणजे उष्णता दूरवर पसरणार नाही. मग वर एक ठिपका, समोर खाली दुसरा, मग डावीकडे, मग उजवीकडे. प्रत्येक ठिपक्यानंतर ते थांबत आणि पत्रा थंड होऊ देत. असे ठिपके जोडत जोडत गोल पूर्ण झाला. त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि मला त्यांनी पाठ करून उभे केले होते. जेथे पत्रा थोडा वाकला होता, तेथे मागून लोखंडी ठोकळा धरून पुढून हातोडीने हलके ठोकले.

यानंतर सांधा घासून सपाट केला. मग कोठे पुट्टीची पाळी आली. ती त्यांनी कागदासारखी पातळ लावली. वाळल्यावर लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून ती कोरडीच घासली. नुसत्या बोटांनी घासले तर बोटांच्या खुणा खड्ड्यांसारख्या राहतात. मग प्रायमर आणि त्यावर रंगाचे पातळ हात. एक हात वाळल्यावरच दुसरा.

मला वाटले, काम संपले. पण मामू पुन्हा चाकाच्या पोकळीत शिरले. तेथे, जेथे कोणी पाहत नाही, त्यांनी सांध्यावर रेड ऑक्साइडचे दोन हात मारले आणि वर डांबरी लेप दिला. शेवटी वरून बादलीभर पाणी ओतून आतून हात फिरवला. हात कोरडा निघाला.

प्रत्येक भोकाला वेल्डिंगच हवे असे नाही. पुढे पुन्हा अँटेना लावायची असेल, तर घट्ट बसणारे रबरी बूच पुरते. जवळ पेट्रोलची नळी किंवा तारांचा जुडगा असेल, तर ज्योत लावणे धोक्याचे. तेव्हा आतल्या बाजूने पत्र्याचे ठिगळ एपॉक्सी गोंदाने चिकटवतात. यांपैकी कोणतीही पद्धत घ्या, नियम तेच राहतात. गंज पूर्ण काढावा, भोकाला मागून आधार द्यावा आणि आतली बाजूही रंगवावी. मुलांनो, हे काम जाणत्या माणसाचे आहे. तुम्ही ते पाहून शिका, पण एकट्याने ज्योतीला हात लावू नका.

या सगळ्याला दोन दिवस लागले. मामूंनी फक्त सामानाचे पैसे घेतले. तरीही आपाच्या फीचा शेवटचा दिवस जवळ आला होता आणि अम्मीच्या जिवाला घोर लागला होता. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ गाडी पाहायला आले. त्यांना मडगार्डवर काहीच दिसले नाही. अब्बांनीच तेथे बोट ठेवले आणि म्हणाले, "येथे भोक होते. चकती घालून वेल्डिंग केले आहे. आतून हात लावून पाहा."

मी श्वास रोखून उभा होतो. त्या गृहस्थांनी वाकून चाकाच्या आत हात घातला, बराच वेळ चाचपले. मग हात पुसत ते म्हणाले, "जे सांगितले नसते तरी चालले असते, ते तुम्ही सांगितलेत. आता बाकीची गाडी तपासायची मला गरज वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी आपाची फी भरली गेली. आज आपा शिक्षिका आहे. मीही शिक्षक आहे. वह्या तपासताना एखाद्या मुलाने चुकीच्या उत्तरावर स्वच्छ कागद चिकटवलेला दिसला, की मला तो वर्तमानपत्राचा ओला बोळा आठवतो. मी त्याला जवळ बोलावतो आणि म्हणतो, "बेटा, हा कागद काढ. आधी चूक कोठे झाली ते पाहू."