हे गाणं कोणी निवडलं?

स्नेहसंमेलन जवळ आलं की वर्गात एक प्रश्न हमखास निघतो: समूहगीत कोणतं बसवायचं? बाई फळ्यावर चार गाण्यांची नावं लिहितात आणि हात वर करायला सांगतात. पुढच्या बाकांवरचे पाच-सहा हात झटकन वर जातात. बाकीची मुलं इकडेतिकडे बघतात आणि हळूहळू त्यांचेही हात वर येतात. मोजणी होते, गाणं ठरतं. वर्गाची आवड कळली, असं आपण म्हणतो. पण हेच मत चिठ्ठ्यांवर घेतलं असतं, तर हेच गाणं निवडून आलं असतं का?

प्रश्न वर्गापुरता नाही. १९५२ साली रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानींच्या आवाजातली ती क्रमवारी ऐकायला आपल्याकडेही बुधवारी रात्री घरोघरी रेडिओभोवती माणसं जमत. क्रम लावताना तबकड्यांचा खप आणि श्रोत्यांची पसंती विचारात घेतली जाई. म्हणजे ती यादी लोकांची आवड मोजत होती. पण वरच्या क्रमांकाचं गाणं लाखो कानांवर पडे, म्हणून त्याच्या तबकड्या आणखी खपत असणार. मग यादी आवड मोजत होती, की घडवत होती? नुसती यादी बघून हे सांगता येत नाही. त्यासाठी काळ मागे नेऊन तेच गाणं नव्याने बाजारात आणावं लागेल, आणि तेही अनेकदा!

काळ मागे नेता येत नाही, पण एकाच वेळी अनेक ‘जगं’ उभी करता येतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी नेमकं हेच केलं. त्यांचा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी अपरिचित गायक-वादकांची ४८ गाणी इंटरनेटवर ठेवली. दोन प्रयोगांत मिळून १४,३४१ जणांनी भाग घेतला. त्यांत तरुण मुलंमुली बरीच होती. हवं ते गाणं ऐकायचं, त्याला गुण द्यायचे आणि वाटल्यास ते उतरवून घ्यायचं, एवढंच काम.

युक्ती पुढेच आहे. काही जणांना फक्त गाण्यांची नावं दिसत; त्यांना ‘स्वतंत्र गट’ म्हणू. बाकीचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे आठ जगांत वाटले गेले. इथे प्रत्येक गाण्यापुढे, आपल्याच जगातल्या किती जणांनी ते उतरवून घेतलं, हा आकडाही दिसे. आठही जगांची सुरुवात शून्यापासून झाली. गाणी तीच आणि माणसंही सारख्याच प्रकारची. मग आठही जगांत तीच गाणी वर यायला हवीत ना?

तसं झालं नाही. ‘५२ मेट्रो’ या चमूचं ‘लॉकडाऊन’ हे गाणं स्वतंत्र गटात २६वं होतं. ते एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्या जगात ४०वं! शिवाय आकडे दिसत असताना गाण्यांमधली दरीही रुंदावली. पुढे असलेली गाणी आणखी पुढे गेली. पैशाकडे पैसा जातो, तशी पसंतीकडे पसंती जाते. दुसऱ्या प्रयोगात गाणी पसंतीच्या क्रमाने एकाखाली एक मांडली, तेव्हा हा परिणाम आणखी वाढला.

पण याचा अर्थ चांगल्या-वाईटाला काही किंमतच नाही, असा नव्हे. स्वतंत्र गटाला सर्वांत आवडलेली गाणी कुठल्याही जगात सहसा तळाला गेली नाहीत, आणि न आवडलेली सहसा वर आली नाहीत. मधल्या गाण्यांचं भवितव्य मात्र बरंचसं सुरुवातीच्या योगायोगावर ठरलं.

असं का होतं? एक साधा हिशेब करू. एक गाणं साडेतीन मिनिटांचं धरलं तर ४८ गाण्यांना १६८ मिनिटं लागतील, म्हणजे जवळजवळ तीन तास. एवढा वेळ कोण देणार? मग ‘आधी काय ऐकू?’ हे ठरवायला इतरांची पसंती सोयीची पडते. याच प्रयोगाच्या नोंदी २०१२ साली काही संशोधकांनी पुन्हा तपासल्या. आकड्यांचा प्रभाव मुख्यतः कोणतं गाणं ऐकून पाहायचं यावर पडला होता. ऐकल्यावर ते ठेवायचं की नाही, यावर त्याहून बराच कमी. म्हणजे गर्दी आपले कान बदलत नाही, तर कानांपर्यंत काय पोचायचं ते ठरवते. जे ऐकलंच नाही, ते आवडणार कसं?

हा प्रयोग वर्गात करून पाहता येईल. मुलांनी न ऐकलेल्या, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या आठ धून निवडा. वर्गाचे चार गट करा. दोन गटांनी धून ऐकून आपली आवड गुप्त चिठ्ठीवर लिहावी. उरलेल्या दोन गटांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवा. तिथे एकेकाने पुढे येऊन, आधीच्या खुणा दिसत असतानाच, फळ्यावर आपली खूण करावी. शेवटी चारही निकाल शेजारी शेजारी मांडा. एक सावधगिरी हवी. मुलं थोडी असतील तर दोन चिठ्ठी-गटांतही फरक पडेलच. तो निव्वळ योगायोगाचा फरक. फळ्याच्या दोन गटांतला फरक त्याहून मोठा आहे का, हे पाहायचं. म्हणून तर चिठ्ठ्यांचेही दोन गट घ्यायचे.

आज मोबाइलवर गाणं शोधलं की त्याखाली ते किती लाख वेळा वाजलं, हा आकडा बहुतेक वेळा दिसतोच. तो खोटा नसेलही, पण तो केवळ आवडीचा आकडा नाही. त्यात आधीच्या आकड्यांचीही भर आहे. वर्गातल्या हातांचंही तसंच. ‘समजलं का?’ असं विचारल्यावर वर येणारे हात आपण रोज मोजतो. त्यांतले किती स्वतःहून वर आले आणि किती शेजारच्याचा हात पाहून, हे कधीतरी चिठ्ठ्या वाटून तपासायला हवं.