कोयत्याचं मेडिकल

दसरा उलटून चार-पाच दिवस झाले असतील. सकाळी पेपर घेऊन ओट्यावर बसलो होतो. धारूर तालुक्यातल्या एका वाडीवरचा पोरगा फाटकाशी येऊन उभा राहिला. त्याच्या वडिलांचं खातं एकेकाळी माझ्या शाखेत होतं, तेवढ्या ओळखीवर तो मला काका म्हणतो. आयटीआय झालेला, चाकणच्या एका कारखान्यात नुकतीच निवड झालेली. हातात चार पानी फॉर्म. "काका, सोमवारी मेडिकल आहे. एवढं वाचून सांगा."

फॉर्म अर्थातच इंग्रजीत. उंची, वजन, छातीचा एक्स-रे, डोळे, कान, रक्त, लघवी आणि खाली एका ओळीत अमली पदार्थांची तपासणी. ती ओळ समजावून सांगितल्यावर पोराचा चेहरा उतरला. "काका, गुटख्याचं कळतंय का त्यात?" मला हसू आवरेना. महाराष्ट्रात 2012 पासून बंदी असलेला गुटखा कुठल्या टपरीवर मिळतो हे त्याला विचारायचं मी टाळलं. ही तपासणी गांजा, अफू, कोकेन असल्या वस्तूंची असते, गुटख्याची नसते, एवढं सांगितलं. खोकल्याचं औषध घेतोस का, हे मात्र विचारलं. काही खोकल्याच्या औषधांत कोडीन असतं. ते अफूच्याच कुळातलं, त्यामुळे पहिल्या चाचणीत अफूवाला म्हणून नाव लागू शकतं. मग दुसरी, अधिक बारकाईची चाचणी करून घ्यावी लागते. म्हणून चालू असलेली औषधं नमुना देण्याआधीच कागदावर लिहून द्यावीत. पोरानं ते नीट ऐकून घेतलं आणि मग फॉर्मवरच्या एका प्रश्नावर बोट ठेवलं. आजपर्यंत कोणती शस्त्रक्रिया झाली आहे काय?

"नाही लिहा," तो म्हणाला.

मी लिहिलं. पण त्या प्रश्नानं मला दिवसभर सोडलं नाही. त्याचं कारण सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

माझं मेडिकल 1984 साली झालं, तेव्हाच्या औरंगाबादेत. बँकेनं नेमून दिलेल्या डॉक्टरांनी वजन घेतलं, छाती मोजली, ठिपक्याठिपक्यांच्या रंगीत पुस्तकातले आकडे वाचायला लावले, एका नाजूक क्षणी खोकायला सांगितलं आणि "नोटांचे रंग ओळखता येतील तुम्हाला" असं म्हणून सही ठोकली. सगळा कार्यक्रम दहा मिनिटांचा. त्या सहीवर मी छत्तीस वर्षं पगार घेतला. पुढे शाखाधिकारी झाल्यावर नव्यानं रुजू होणाऱ्या पोरांच्या फायलींत तसलीच प्रमाणपत्रं लावली. ‘नोकरीस योग्य’ हे दोन शब्द एकदा पाहून घ्यायचे, बाकी कागद कोणी वाचत नसे.

आमच्या बीड जिल्ह्यात शरीर मोजून घेण्याची सवय पोरांना लहानपणापासूनच लागते. पहाटे कुठल्याही रस्त्यानं जा, पोलीस भरतीची पोरं धावताना दिसतील. उंची 165 सेंटिमीटर, छाती न फुगवता 79, फुगवून आणखी पाच, हे आकडे त्यांना पाढ्यांसारखे पाठ असतात. एक सेंटिमीटर कमी पडला म्हणून रडत घरी आलेली पोरं मी पाहिली आहेत. तरी ते मोजमाप उघड्या मैदानावर होतं, आकडा कागदावर येतो आणि चुकला असं वाटलं तर दाद मागता येते.

कागदाचं हेच तर महत्त्व आहे. आयुर्विमा महामंडळाच्या नोकरीच्या फॉर्मात एकेकाळी बायकांना मासिक पाळीच्या तारखा, गरोदरपणाचा इतिहास असले प्रश्न विचारलेले असत. नीरा माथूर यांना नोकरीवरून कमी केलं, तेव्हा त्या फॉर्मासकट प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं 1991 साली त्यांना परत कामावर घ्यायला लावलं आणि ते लाजिरवाणे रकाने काढून टाकायला सांगितलं. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयात नाव गुप्त ठेवून आलेल्या एका मजुराचा खटला उभा राहिला. कायम नोकरीआधीच्या तपासणीत त्याला एचआयव्हीची लागण आढळली होती आणि तेवढ्यावरून काम नाकारलं होतं. काम करायला शरीर समर्थ आहे आणि इतरांना धोका नाही, तर केवळ लागण झाली म्हणून नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल लागला. पुढे 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा झाला, 10 सप्टेंबर 2018 पासून तो लागू झाला आणि नोकरीसाठी अशी चाचणी सक्तीची करणंच बेकायदा ठरलं. बँकवाल्यांनी मात्र यातून फारसा धडा घेतलेला दिसत नाही. तीन महिन्यांहून अधिक गरोदर असलेल्या उमेदवार बाईला ‘तात्पुरती अपात्र’ ठरवणारं परिपत्रक भारतीय स्टेट बँकेनं काढलं. 2022 च्या जानेवारीत गदारोळ झाल्यावर ते गुंडाळावं लागलं. तीस वर्षांनंतर पुन्हा तोच रकाना!

पण हे सगळे कागदवाले. ज्या नोकरीला फॉर्मच नाही, तिच्या मेडिकलचं काय?

दसऱ्याच्या आसपास आमच्याकडे कारखान्यांच्या पट्ट्याला जाणारी माणसं निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, थेट कर्नाटकापर्यंत. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो. उचल माणसाला मिळत नाही, कोयत्याला मिळते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा आला तर अर्धा कोयता. या भाषेतच पात्रतेची अट आली. मुकादम ओसरीवर बसून चहा पिता पिता बाईकडे पाहतो. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढेल का, पहाटे चारला उठेल का, मधे खाडे किती करील. एक्स-रे नाही, रक्त नाही, नुसती नजर. बाई वरचेवर दुखणाईत असेल तर उचलीचा आकडा खाली येतो.

खाडा म्हणजे गैरहजेरी, आणि तिला दंड आहे. एका खाड्याला पाचशे रुपये कापले जातात, असं 2019 साली वर्तमानपत्रांतून छापून आलं होतं. त्या वेळच्या टनाच्या दरानं ही नवरा-बायकोची जवळपास आख्ख्या दिवसाची कमाई. 2024 च्या जानेवारीत दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपये झाला. पण पाळीचे दिवस महिन्याला येतातच. फडात संडास नाही, कोपीत न्हाणी नाही, पाणी लांबून आणायचं आणि तेच फडकं धुऊन पुन्हा वापरायचं. अंगावरून जायला लागतं, ओटीपोट दुखतं. मग गावी परतल्यावर डॉक्टर सांगतो, पिशवीला सूज आहे, ठेवलीत तर कॅन्सर होईल. दोन-तीन लेकरं झालेली असतात. ऑपरेशनचे पैसे मुकादम पुढच्या हंगामाच्या उचलीत धरून देतो. पिशवी निघते, पाळी थांबते, खाडे वाचतात. बाई पुढच्या हंगामाला ‘फिट’.

इथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगायला हवी. सांगायला बरी नाही, तरी.

2016 च्या उन्हाळ्यात शाखेत प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचे फॉर्म भरून घेण्याची घाई चालू होती. वर्षाला 330 रुपये, दोन लाखांचं संरक्षण. वरून रोज आकडा विचारला जाई. खिडकीपाशी हंगामावरून परतलेल्या बायकांची रांग होती. तब्येत चांगली असल्याची घोषणा हवी होती, म्हणून मी प्रत्येकीला एकच प्रश्न विचारत होतो. एक बाई आली. आधारवरून वय एकोणतीस. मी म्हटलं, "तब्येत ठीक आहे ना?"

"ठीकच की सायेब. पिशवी काढलीया."

मी ‘ठीक’ धरलं आणि अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे सरकवला. त्या वेळेपर्यंत माझ्या तीन कादंबऱ्या छापून झाल्या होत्या. माणसं काय बोलतात याकडे माझं बारीक लक्ष असतं, असं मीच एका भाषणात सांगितलं होतं. ‘ठीकच’ आणि ‘पिशवी काढलीया’ ही दोन वाक्यं तिनं एका दमात, एकीतून दुसरी निघावी तशी म्हटली, आणि मला काही ऐकू आलं नाही. त्या दिवशी मी वाटतं एकेचाळीस फॉर्म भरले.

तीन वर्षांनी, 2019 मध्ये, हा विषय देशभर गाजला. तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या 99 खाजगी दवाखान्यांत 4,605 गर्भाशयं काढली गेल्याचं त्या वर्षीच्या जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2015-16 साली देशभरचं प्रमाण पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत शंभरात साधारण तीन होतं.

हे वाचून शहरातल्या मित्रांचे फोन आले. मुकादम जबरदस्ती करतात का रे? मी विचारत फिरलो. मुकादम म्हणाले, आम्ही कोणाला सांगितलं नाही. बायकाही म्हणाल्या, कोणी सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, पेशंटच मागं लागतात. मला वाटतं, तिघंही खरंच बोलत होते. खाड्याचा दंड, उचलीचा आकडा आणि डॉक्टरचं बिल एका कागदावर मांडा, बेरीज आपोआप त्याच टेबलावर येते. आयुष्यभर बेरजा केलेल्या माणसाला एवढं तरी कळतं. काही जणींना खरोखरच ऑपरेशनची गरज होती, हेही नाकारण्याचं कारण नाही. पण तिशीतल्या बाईची पिशवी, कित्येकदा बीजांडंसुद्धा, काढल्यावर हाडं ठिसूळ होतात, कंबर धरते, अंगाची आग होते, हे तिला आधी कोणी सांगितलेलं नसतं. मोळी तेवढीच जड राहते.

या गाजावाजानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खाजगी दवाखान्यांनी हे ऑपरेशन करायचं नाही, असं ठरलं. ऊसतोडीला जाण्याआधी आणि परतल्यावर बायकांची आरोग्य तपासणी करायची, हेही ठरलं. म्हणजे कोयत्याचं मेडिकल अखेर सुरू झालं. मुकादमाच्या नजरेखेरीज दुसरं कोणी तरी बाईला तपासू लागलं. त्याचे आकडे 2025 च्या जूनमध्ये वर्तमानपत्रांत आले. त्या हंगामाला निघण्याआधी 843 जणींनी पिशवी काढून घेतलेली होती; त्यांतल्या 477 जणी तीस ते पस्तीस वयाच्या. गरोदरपणात ऊस तोडलेल्या 1,523. परवानगीचा नियम होऊन सहा वर्षं झाली होती.

नव्या कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची वर्षातून एकदा मालकाच्या खर्चानं तपासणी करावी, असं त्यात आहे. तरतूद चांगली आहे. पण चाळिशी? आमच्या बायकांची पिशवी तोवर जाऊन दहा वर्षं झालेली असतात. शिवाय मालक कोण? कारखान्याला विचारा, तो मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादमाला विचारा, तो म्हणतो मी तर कारखान्याचाच माणूस. या दोन बोटांच्या मधे बाई उभी असते. तपासणी तिच्यासाठी करायची, तर रिपोर्ट वाईट आल्यावर तिची उचल कोण राखणार, हे आधी ठरायला हवं. नाही तर बाई तपासणीलाच घाबरेल. मी तिच्या जागी असतो तर घाबरलो असतो.

आठ दिवसांनी तो पोरगा पेढे घेऊन आला. बरोबर त्याची आई. मेडिकल पास झालं होतं. दोन दिवसांनी तो चाकणला आणि गुरुवारी ती दोघं सांगलीकडे निघायची होती. पोरानं रिपोर्ट माझ्या हातात दिला. मी मोठ्यानं वाचून दाखवू लागलो. डोळे चांगले, छाती साफ, अमली पदार्थ नाहीत. ती पायरीवर बसून ऐकत होती.

"त्येच्यात रगत किती लिवलंय?" तिनं विचारलं.

"चौदा. चांगलं आहे."

ती थोडा वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "अन् मह्यात किती आसंल, भाऊ?"

पोरगा फटफटीला किक मारत होता. मी म्हटलं, गुरुवारच्या आत सरकारी दवाखान्यात जाऊन या, फुकट तपासतात. ती हो म्हणाली, पदर खोचला आणि मागं बसली.