नव्या नाटकाची पहिली बैठक

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'बायकांचे बंड' १९०७ साली रंगभूमीवर आले. त्याला उत्तर म्हणून गिरिजाबाई केळकरांनी १९१३ मध्ये 'पुरुषांचे बंड' लिहिले. पुढे १९२८ च्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. त्याच्या थोडे आधी, १९१२ साली, हिराबाई पेडणेकरांचे 'संगीत दामिनी' केशवराव भोसल्यांच्या 'ललितकलादर्श' मंडळीने सादर केले होते. म्हणजे मराठी स्त्रीच्या नाट्यलेखनाला शतक उलटून गेले. तरीही मराठीतील पाच स्त्रीनाटककारांची नावे भराभर सांगा, असे कोणी म्हटले, तर चांगला वाचनाराधक गृहस्थही चौथ्या नावापाशी अडखळतो. कथा, कादंबरी, कविता यांच्या बाबतीत असे होत नाही.

याचे कारण प्रतिभेत शोधण्यापेक्षा नाटकाच्या घडणीत शोधावे, असे मला वाटते. कविता वहीत पूर्ण होऊ शकते. नाटक होत नाही. चार वेगळ्या कंठांतून ऐकल्याशिवाय कोणता प्रवेश लांबला, कोणते पात्र उगाच आले, हे खुद्द लिहिणाऱ्यालाही कळत नाही. जुन्या नाटक मंडळ्यांत नाटककार बिऱ्हाडी येऊन नवे नाटक वाचून दाखवीत. मालक, नट आपापली मते देत, पदे बदलत, अंक आखूड होत. नाटककार तेथे घडे. घरंदाज स्त्रीला त्या बिऱ्हाडाची पायरी बंद होती.

हिराबाईंना ती संगत मिळाली, पण ती निराळ्या वाटेने. त्यांचा जन्म कलावंतांच्या घराण्यातला. गिरगावातील त्यांच्या घरी श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी यांच्यासारख्यांचे येणेजाणे असे, वाङ्मयाच्या गोष्टी निघत. मात्र या संगतीची किंमत समाजाने त्यांच्याकडून पुरेपूर वसूल केली. त्यांच्या नाटकांपेक्षा त्यांच्या स्नेहसंबंधांचीच चर्चा अधिक झाली. वसंत कानेटकरांचे 'कस्तुरीमृग' हे नाटक त्यांच्याच जीवनावर बेतलेले आहे. नाटक लिहिणारी बाई अशी स्वतःच नाटकाचा विषय होऊन बसली. 'दामिनी' आज किती घरांत वाचले जाते?

याउलट ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो' पाहा. १९८३ साली ते आले तेव्हा त्याच्या पाठीशी स्त्री मुक्ती संघटनेतील बायकांचा मेळा उभा होता. लिहिणारी एक, पण ऐकणाऱ्या, गाणाऱ्या, टोकणाऱ्या अनेक. ते नाटक वस्त्यांतून, खेड्यांतून फिरले, हिंदीतही गेले. परदेशातील लेखिकांनाही या सोबतीची निकड जाणवली होतीच. १९८८ साली अमेरिकेतील बफेलो येथे निरनिराळ्या देशांतील स्त्रीनाटककारांची पहिली परिषद भरली आणि २००९ मध्ये तीच परिषद मुंबईत झाली.

आता आपल्याकडे वळू. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, मडगाव. गाव कोणतेही घ्या, मराठी मंडळींचे एखादे सभागृह, एखादे ग्रंथालय आणि गणेशोत्सवातले नाटक तेथे असतेच. पुण्यामुंबईचे गाजलेले नाटक आले की तिकिटे हातोहात खपतात. महिला मंडळाच्या वार्षिक समारंभासाठी मात्र 'पुरुषपात्रविरहित' एकांकिकेची शोधाशोध सुरू होते. मनाजोगी संहिता मिळाली नाही की मंडळातलीच कोणी भगिनी रात्री आवराआवर झाल्यावर वही घेऊन बसते. त्या एकांकिकेचा एकच प्रयोग होतो, टाळ्या पडतात, गुलाबाचे फूल मिळते आणि वही कपाटात जाते. त्या वहीबद्दल पुन्हा कोणी बोलत नाही. कौतुक भरपूर झाले, चर्चा कणभरही झाली नाही!

अशा वह्यांसाठी महिन्यातून एक बैठक भरवणे मुळीच अवघड नाही. दहाबारा माणसे, एक सतरंजी, चहा आणि संहितेच्या पाचसहा प्रती एवढ्यावर भागते. भूमिका वाटून घ्याव्यात. रंगसूचना एकाच व्यक्तीने वाचाव्यात. लेखिकेने स्वतः वाचू नये, हे उत्तम. ती वाचू लागली की कच्च्या वाक्यालाही आपल्या आवाजाने सांभाळून घेते. तिने पेन्सील घेऊन नुसते ऐकावे. जेथे वाचणारी अडखळेल, जेथे श्रोत्यांची चुळबूळ सुरू होईल, तेथे खूण करावी. पुरुषांनी यावे की नाही, यावर मंडळांत वाद होतील. माझ्या मते अवश्य यावे. काकांनी सासऱ्याचे संवाद वाचावेत आणि ते कानाला खरे वाटतात की नाही, तेही सांगावे.

वाचनानंतरची चर्चा हा खरा कसोटीचा भाग. सल्ले देण्याआधी प्रत्येकाने आपल्याला काय दिसले, काय कळले नाही, एवढेच सांगावे. आणि एक प्रश्न दाराबाहेर ठेवावा: "हे तुमच्याच घरातले का हो?" पुरुषाने दुष्ट सासरा रंगवला तर ती कल्पनाशक्ती ठरते, सुनेने रंगवला की सगळ्यांचे डोळे तिच्या सासऱ्यांकडे वळतात. गाव लहान, मराठी घरे मोजकी, सगळे एकमेकांना ओळखणारे. या एका धास्तीने किती प्रवेश लिहिण्याआधीच खोडले गेले असतील!

दुसरी अडचण भाषेची, आणि ती खास आपली आहे. इंदूरकडची मावशी "काय करून राहिली आहेस?" असे सहज विचारते. बेळगावची आजी निघताना "मी येतो गं" म्हणते, 'येते' म्हणत नाही. बडोद्याच्या स्वयंपाकघरात गुजराती शब्द मराठी प्रत्यय लावून सुखाने नांदतात. लिहायला बसले की मात्र आपल्या लेखिका ही बोली झटकून पुस्तकी मराठी पात्रांच्या तोंडी घालतात. मग घर बडोद्याचे आणि संभाषण सदाशिव पेठेचे, असा प्रकार होतो. बैठकीत कोणी तरी हे "शुद्ध" करायला सुचवणारच. पुष्कळदा ती सूचना वडीलधाऱ्यांकडून, अत्यंत प्रेमाने येईल. तेथे यजमानीणबाईंनी खंबीर राहावे. तो "येतो" पुण्याच्या नाटककाराला ऐकून माहीत असेल, पण त्यामागची आजी आपल्या घरात वाढली, आपल्या लेखिकेने तिचे पाय चेपले. तिच्या तोंडचे क्रियापद बदलले की आजीच बदलते.

सुधारलेल्या संहितेचे महिना-दोन महिन्यांनी पुन्हा वाचन ठेवावे. शक्यतो भूमिका बदलून. त्यानंतर प्रयोग होवो अथवा न होवो, लेखिकेची संमती घेऊन एक स्वच्छ प्रत गावातल्या मराठी ग्रंथालयात द्यावी. तिच्यावर लेखिकेचे नाव, गाव आणि वाचनाची तारीख घालावी. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावच्या मंडळाला एकांकिका हवी असेल, तर निदान पत्र कोणाला टाकायचे ते तरी ठाऊक असेल.